नाव नको, माप सांगा : बंद झालेल्या पिकअपचा एसी दुरुस्त करताना

"कुठल्या गाडीचं?" काउंटरवरचा पोरगा विचारतो. आपण मॉडेल सांगतो. तो कॉम्प्युटरकडं बघायचीही तसदी घेत नाही. "ते आता येत नाही काका. गाडीच बंद झाली." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळतो.

माझ्या पिकअपच्या एसीपायी हे मी तीन दुकानांत ऐकलं. चौथ्या दुकानात जाताना जुना ड्रायर आणि दोन पाइप पोत्यात घालून नेले. गाडीचं नाव काढलंच नाही. दुकानदारानं ड्रायर हातात घेतला, दोन्ही टोकांचे आटे नखानं चाचपले, मागच्या मांडणीवरून एक खोका काढला आणि पुढ्यात ठेवला. "हा बसतोय. क्लॅम्प मात्र तुमचा तुम्ही बघा." तो ड्रायर मूळचा कुठल्या गाडीचा, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

या लेखात सांगायचं ते एवढंच आहे. गाडीच्या एसीत 'गाडीचं' असं फार थोडं असतं. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कूलिंग कॉइल ही पाच भांडी आणि त्यांना जोडणारे पाइप. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून द्रव करतो, ड्रायर ओलावा टिपतो, व्हॉल्व्ह तो द्रव बारीक तोंडातून सोडतो आणि कॉइल केबिनची हवा गार करते. भांड्यांची कामं सगळ्या गाड्यांत तीच. बंद होतो तो त्यांचा आकार: ब्रॅकेट, पाइपचा बाक, डॅशबोर्डखालच्या डब्याचा साचा. बाजारात गाडीचं नाव घेऊन फिरलात की दार बंद. माप घेऊन फिरलात की बहुतेक गोष्टी मिळतात.

मी मेकॅनिक नाही. रोपवाटिका चालवतो, पिकअप रोजच्या कामाची आहे. एप्रिलात दुपारी रोपं पोचवायला निघालं की काचा उघड्या ठेवून भट्टीची हवा खायची, याला कंटाळून हे शिकलो. गॅस काढणं, व्हॅक्यूम (म्हणजे पंपानं आतली हवा ओढून घेणं) आणि गॅस भरणं ही कामं मशीन असलेल्या एसीवाल्याकडूनच करून घेतली. तुम्हीही तसंच करा. पण काय करायचंय हे आपल्याला ठाऊक असलं की एसीवालाही जरा सावरून बसतो.

आधी दोन धोके

पाइप सैल करण्याआधी गॅस मशीननं काढून घ्या. आर-१३४ए हा गाडीच्या एसीतला नेहमीचा गॅस उघड्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो. द्रवाची चिळकांडी बोटावर आली तर कातडी गोठते, डोळ्यात गेली तर काय होईल ते सांगायला नको. चष्मा आणि हातमोजे हवेतच. "हितंच सोडून देऊया की" म्हणणारे मिस्त्री पुष्कळ भेटतील. त्यांना नाही म्हणा. हा गॅस ओझोनला भोक पाडत नसला तरी हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त जोरकस आहे.

दुसरा धोका वेल्डिंगचा. गॅस भरलेल्या लाइनला, किंवा आत गॅस राहिलेल्या कॉइलला, ज्योत लावायची नाही. तापल्यावर हे गॅस फुटून विषारी वाफा होतात. शिवाय बंद भांडं फुटतं ते वेगळंच.

पार्ट शोधण्याआधी रोग शोधा

आमच्या मिस्त्रींची एक सवय मला फार आवडते. गाडी दारात आली की ते दाब मोजायच्या गेजला हात लावत नाहीत. इंजिन चालू, एसी चालू, आणि बॉनेट उघडून नुसते उभे राहतात. कॉम्प्रेसरला पट्ट्याच्या पुलीशी जोडणारा क्लच 'टक' करून बसतोय का, कंडेन्सरचा पंखा फिरतोय का, पट्टा चिरचिरतोय का, एवढंच ऐकायचं.

क्लच बसत नसेल तर गॅसचा विचार नंतर. फ्यूज, रिले, प्रेशर स्विचचा प्लग, या क्रमानं बघा. क्लचच्या वायरीला बारा व्होल्ट येत असूनही तो ओढत नसेल तर क्लचच्या प्लेटमागच्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. नव्या क्लचला साधारण ०.४ ते ०.८ मिलिमीटर फट असते. वर्षानुवर्षं घासून ती वाढते, आणि गरम झाल्यावर चुंबकाची ताकद पुरत नाही. सकाळी एसी चालतो आणि दुपारी बंद पडतो, ही तक्रार बऱ्याचदा याचीच. पुढची प्लेट काढून आतली एक शिम (पातळ चकती) कमी केली की काम होतं. खर्च शून्य. यासाठी अख्खा कॉम्प्रेसर बदललेली माणसं मी बघितली आहेत.

माझा स्वतःचा मूर्खपणाही सांगतो. दोन उन्हाळे मी गॅस भरून घेत होतो. प्रत्येक वेळी गेज बरोबर, पाइपला घाम फुटलेला, आणि आत मात्र कोमट हवा. शेवटी मिस्त्रींनी फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) आत जाणाऱ्या हीटरच्या रबरी पाइपला हात लावला आणि झटकन मागं घेतला. हीटरचा कॉक पूर्ण बंदच होत नव्हता. केबलची क्लिप निसटलेली. म्हणजे कॉइल हवा गार करत होती आणि शेजारी बसलेला हीटर तीच हवा परत तापवत होता. त्यांनी तो पाइप एका चिमट्यानं आवळला. डॅशबोर्डवर हवा येते त्या जाळीत खोचलेला थर्मामीटर एकोणीसवरून दहा मिनिटांत नऊवर आला. तुमचाही एसी 'चालतो पण गार करत नाही' असा असेल तर आधी ही चाचणी करा. रबर कुजकं असेल तर चिमटा जपून लावा, एवढंच.

कंडेन्सरच्या फटीत मातीचा थर, केबिनच्या ब्लोअरमध्ये पाला, उंदरानं कुरतडलेली वायर, हेही याच वेळी बघून घ्यायचं. शेतात उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर हा पार्टच समजा.

गेज काय सांगतो

गाडी थंड, इंजिन बंद असताना दोन्ही गेज सारखा आकडा दाखवतात. आर-१३४ए असेल तर ३० अंशांना साधारण ९७ पीएसआय (दाबाचं माप), ३५ ला ११४, ४० ला १३३. हे आकडे पाठ करा, फार उपयोगी आहेत. पण त्यांचा अर्थही नीट समजून घ्या. आत थोडाजरी द्रव गॅस असला तरी हाच आकडा येतो. म्हणजे 'दाब आहे' याचा अर्थ 'गॅस पुरेसा आहे' असा नाही. आकडा याहून खूप कमी असेल तर मात्र गॅस जवळजवळ संपलाय. वर असेल तर आत हवा किंवा भलताच गॅस मिसळलाय.

हीच युक्ती गॅसच्या कॅनलाही लागू पडते. बाजारात भेसळीचा माल फिरतो, त्यात जळणारा हायड्रोकार्बन मिसळलेला असू शकतो. कॅन रात्रभर सावलीत ठेवा, सकाळी खोलीचं तापमान बघा आणि कॅनला गेज लावा. आकडा जुळला नाही तर कॅन परत द्या. जुळला म्हणजे शंभर टक्के शुद्ध असं नव्हे, पण उघड भेसळ पकडली जाते.

आता इंजिन पंधराशे आरपीएमच्या आसपास फिरवा, बाहेर ३५ अंश असतील असं धरू. खालच्या, म्हणजे कमी दाबाच्या बाजूला २५ ते ४०, वरच्या, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूला २०० ते २५० पीएसआय असेल तर ठीक. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सर घाण, पंखा मेलेला, किंवा गॅस जास्त कोंबलेला. खालचा जास्त आणि वरचा कमी, दोघं एकमेकांकडं सरकलेले, असं दिसलं तर कॉम्प्रेसर आतून थकलाय. खालचा काटा शून्याच्याही खाली व्हॅक्यूमकडं जात असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबलाय. आणि दहा मिनिटं मस्त गार, मग बंद, मग परत गार, असा लपंडाव असेल तर आत ओलावा आहे. पाणी व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतं आणि विरघळतं.

गळती शोधायला डोळे पुरतात. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं, आणि तेलावर धूळ चिकटते. जोडाशी काळा ओलसर मळ दिसला की गळती तिथंच. सापडत नसेल तर नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावायचा, दीडशे पीएसआय पुरे. वर्कशॉपचा हवेचा पंप लावू नका, त्यातून पाणी आत जातं. आणि ऑक्सिजन तर कधीच नाही. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आला की स्फोट होतो.

काय बदलायचं, काय जपायचं

माझा नियम असा: डॅशबोर्डच्या आत आहे ते शक्यतो जपायचं, बॉनेटखाली आहे ते बिनधास्त बदलायचं. बॉनेटखाली जागा असते, ब्रॅकेट बनवता येतं, पाइप वळवता येतो. आतल्या डब्याचा साचा मात्र कुणी बनवून देत नाही.

बाजारात निघण्याआधी गाडीचं गोत शोधा. पिकअप ही बहुधा कुणाचं तरी चुलत भावंड असते. १९८८ साली टाटामोबाइल आली, आणि पुढं सिएरा, इस्टेट त्याच पायावर उभ्या राहिल्या. स्कॉर्पिओ गेटअवे म्हणजे मागं हौदा लावलेली स्कॉर्पिओ. बोलेरो कॅम्परचं थोरलं घर बोलेरो. ज्या भावंडाची विक्री जास्त झाली, त्याचे पार्ट बाजारात जास्त दिवस टिकतात. पण 'सेम आहे' या शब्दावर पैसे देऊ नका. एकाच नावाच्या गाडीत दोन वर्षांनी डबा बदललेला असतो. जुना पार्ट शेजारी ठेवून बघायचा.

कॉम्प्रेसर

सगळ्यात महाग आणि तरीही सगळ्यात सोपा. कारण कॉम्प्रेसर बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, गाड्या बनवणाऱ्या वेगळ्या. अंगावरची चकती पुसा, त्यावर मॉडेल नंबर, व्होल्ट आणि बहुधा गॅस, तेल लिहिलेलं असतं. सँडेन या कॉम्प्रेसर कंपनीचा ५०८ किंवा ५एच१४ म्हणजे पाच पिस्टनचा, १३८ सीसीचा. ७एच१५ म्हणजे सात पिस्टनचा, १५५ सीसीचा. हे ट्रॅक्टर, मिनीबस, जेसीबी अशा कितीतरी ठिकाणी वापरले जातात. तुमची पिकअप बंद झाली म्हणून ते बंद होत नाहीत.

आधी जुनाच दुरुस्त होतो का बघा. नुसतं बेअरिंग ओरडत असेल तर ते बेअरिंग मापानं मिळतं, नंबर त्याच्या कडेवरच असतो. क्लचचं ३५ बाय ५५ बाय २० मिलिमीटरचं बेअरिंग तर फार ठिकाणी चालतं. पुढून तेल गळत असेल तर शाफ्ट सील आणि गॅस्केटचं किट मिळतं. पण आतून घासून ॲल्युमिनियमचा चुरा निघाला असेल, तेल काळं-करडं झालं असेल, तर त्याला रामराम करा. तो चुरा सगळ्या लाइनभर पसरलेला असतो.

दुसरा बसवताना हे सगळं कागदावर लिहून न्यायचं:

- कानांची जागा: किती कान, भोकं केवढी, पुढच्या-मागच्या कानांतलं अंतर किती
- पुलीचा व्यास, आणि पट्टा जुना व्ही की अनेक बारीक खाचांचा, खाचा मोजा
- पुढच्या कानापासून पुलीच्या खाचेपर्यंतचं अंतर
- पाइपची तोंडं मागं आहेत, वर आहेत की बाजूला. आट्याची आहेत की एका बोल्टनं दाबून बसणारी
- बारा व्होल्ट की चोवीस

तिसरी ओळ सगळे विसरतात आणि नंतर पट्टे खात बसतात. ब्रॅकेट दहा-बारा मिलिमीटरच्या प्लेटचं करून घ्या. कोल्हापुरात उद्यमनगरात हे काम करणारे लेथ गल्लोगल्ली आहेत. पुण्या-मुंबईतही शोधलं की सापडतात. कॉम्प्रेसर तिथं घेऊन जायचा, नुसता चित्राचा कागद नाही. बसवल्यावर क्रँकच्या पुलीवर सरळ पट्टी धरा. दोन पुल्या एका रेषेत याव्यात, फरक दीड मिलिमीटरच्या आत. माझं पहिलं ब्रॅकेट तीन मिलिमीटर बाहेर होतं. लेथवाले अण्णा म्हणाले, "चालतंय की." पट्टा दोन आठवड्यांत कडेनं उसवला. वॉशर घालून ते सरळ केलं.

नव्या गाड्यांत काही कॉम्प्रेसर क्लचशिवायचे असतात, गाडीचा कॉम्प्युटर त्यांना कमी-जास्त करतो. त्यांच्या जागी साधा बसवायचा तर वायरिंगही नव्यानं करावं लागतं. ते काम माहीतगार ऑटो इलेक्ट्रिशियनचं.

कंडेन्सर आणि ड्रायर

कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढची जाळी. ग्रिल आणि रेडिएटर यांच्यामधली जागा मोजा: रुंदी, उंची आणि जाडी. त्यात मावेल तेवढा मोठा पॅरलल-फ्लो (शेजारी शेजारी बारीक चपट्या नळ्यांचा) कंडेन्सर घ्या, युनिव्हर्सल मापांत मिळतात. गरम गॅस वरून आत, द्रव खालून बाहेर, हे उलटं होऊ देऊ नका. रेडिएटरला घासणार नाही एवढी फट ठेवा आणि बुडाशी रबर द्या, नाहीतर खडबडीत रस्त्यावर सहा महिन्यांत कोपरा फुटतो. कॉम्प्रेसरचा चुरा गेलेला पॅरलल-फ्लो कंडेन्सर धुऊन साफ होत नाही, नळ्या फार बारीक असतात. तो बदलायचाच.

ड्रायर सगळ्यात स्वस्त, आणि सगळे तिथंच पैसे वाचवतात. लाइन उघडली की ड्रायर नवा, यात तडजोड नाही. आत ओलावा शोषणारे दाणे असतात. टोपण काढून ठेवलं की ते वर्कशॉपमधलीच हवा पिऊन तुडुंब होतात. म्हणून टोपण सगळ्यात शेवटी, व्हॅक्यूमच्या आधी काढायचं. अंगावरचा बाण प्रवाहाच्या दिशेनं, बाटली उभी. प्रेशर स्विचसाठी वर जागा आहे का तेही बघा.

पाइप: इथं सगळ्यात जास्त हुशारी लागते

'पाइप येत नाही' म्हणून गाडी विकायला काढलेला एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. पाइप कधीच अडत नाही. जुना पाइप फेकू नका, एवढंच. त्याची दोन्ही टोकं, म्हणजे ॲल्युमिनियमची वळलेली नळी आणि तिच्यावरचं तोंड, हेच तुमच्या गाडीचं. मधलं रबर कुणाचंही. होज क्रिंप करणाऱ्याकडं जायचं, तो जुनी टोपी कापतो, टोकाला नवी फेरूल (धातूची टोपी) बसवतो आणि नवं रबर दाबून देतो. टोक कुजलं असेल तर तेवढ्या भागाला अर्गॉन वेल्डिंगनं नवा तुकडा जोडतात.

रबर 'बॅरिअर' जातीचं मागा. आत नायलॉनचा थर असतो, त्यातून आर-१३४ए फारसा झिरपत नाही. आर-१३४ए च्या आधीच्या आर-१२ गॅसच्या काळातलं साधं रबर किंवा हायड्रॉलिकचा पाइप चालत नाही. आतल्या व्यासाची मापं ठरलेली: बारीक द्रवाच्या लाइनला पाच-सोळांश इंच, कॉम्प्रेसरपासून कंडेन्सरपर्यंत तेरा-बत्तिसांश, आणि परतीच्या जाड लाइनला अर्धा किंवा पाच-अष्टमांश. परतीची लाइन बारीक केलीत तर थंडावा तिथंच कमी होतो.

टोकांचा कोन मात्र जपा. दाबल्यावर पाइप फिरत नाही. मी पाइप गाडीत लावून, रबर आणि टोक दोन्हींवर मार्करनं एकच रेघ ओढतो. दुकानात ती रेघ जुळली की झालं. आणि चासीला घासणाऱ्या जागी क्लॅम्पखाली रबर.

ओ-रिंग, म्हणजे जोडातल्या रबरी कड्या, नेहमी नव्या, हिरव्या एचएनबीआर रबराच्या. प्लंबरच्या दुकानातली काळी वॉशर बसवली तर दोन महिन्यांत गळते. बसवताना कॉम्प्रेसरच्याच तेलाचं बोट लावायचं. जोड आवळताना दोन पाने: एकानं धरायचं, दुसऱ्यानं फिरवायचं. एकाच पान्यानं आवळलं की ॲल्युमिनियमची नळी पिळवटते.

कूलिंग कॉइल आणि व्हॉल्व्ह

इथं खरी परीक्षा. डॅशबोर्ड उतरवायला अख्खा दिवस जातो. प्रत्येक पायरीचा फोटो काढा आणि स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. वीस वर्षांचं प्लास्टिक थंडीत ठिसूळ असतं, डबा उन्हात थोडा तापू द्या, मग क्लिप सोडवा.

कॉइलला एखादंच भोक असेल आणि ते कडेच्या नळीवर असेल तर अर्गॉननं भरतं. मधल्या पातळ पत्र्यात असेल तर एक भोक भरताना शेजारी दुसरं पडतं. त्यात पैसे घालू नका. मग रुंदी, उंची, जाडी आणि तोंडांची बाजू मोजून दुसऱ्या गाडीची कॉइल शोधायची. मूळ कॉइलपेक्षा थोडी लहान चालते. कडेची फट फोमच्या पट्टीनं पूर्ण बंद करा, नाहीतर हवा कॉइलला वळसा घालून गरमच बाहेर येते. मोठी कॉइल घेऊन डबा कापण्याच्या फंदात पडू नका. नवी-जुनी कुठलीही कॉइल गाडीत बसवण्याआधी पाण्याच्या बादलीत बुडवून नायट्रोजननं तपासून घ्या. डॅशबोर्ड दुसऱ्यांदा उतरवण्यासारखं दुःख नाही.

कॉइल बाहेर आहे तोवर व्हॉल्व्ह बदलून टाका. चौकोनी ठोकळ्याचा असो की बारीक नळी लोंबणारा, दोन्ही मापानं मिळतात. लोंबणाऱ्या नळीचं टोक परतीच्या पाइपला घट्ट बांधून वरून इन्सुलेशनची टेप गुंडाळायची. ते उघडं राहिलं तर व्हॉल्व्ह इंजिनचीच उष्णता मोजत बसतो.

ऑटोमॅटिक कंट्रोलचा बोर्ड मेला असेल आणि मिळत नसेल तर साधा थर्मोस्टॅट आणि स्विच लावून चालतं. पण क्लचच्या लाइनीत प्रेशर स्विच राहिलाच पाहिजे. गॅस गळून दाब दोनेक बारच्या (एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय) खाली गेला, किंवा पंखा बंद पडून तीस बारच्या आसपास चढला, तर तोच क्लच सोडवतो. स्विच 'डायरेक्ट' करून देणाऱ्या मिस्त्रीकडं परत जाऊ नका.

गाडी नव्वदच्या दशकातली असेल तर

गॅस भरायची तोंडं आट्याची आहेत की झटक्यात बसणाऱ्या कपलरची, ते बघा. आट्याची असतील तर आत आर-१२ असण्याची शक्यता. ओझोनचा थर वाचवण्याच्या मॉन्ट्रियल कराराखाली भारतात आर-१२ सारखे सीएफसी गॅस २०१० पासून बंद आहेत, तेव्हा आर-१३४ए वरच यावं लागतं. जुनं मिनरल तेल आर-१३४ए बरोबर फिरत नाही, ते शक्य तितकं काढून एस्टर तेल घालायचं. ड्रायर नव्या गॅसचा, ओ-रिंग सगळ्या नव्या. गॅस वजनानं जुन्याच्या ८० ते ९० टक्के. कंडेन्सर मोठा लावला नाही तर ट्रॅफिकमध्ये कुरकुर राहणारच.

तेल, व्हॅक्यूम, गॅस

तेल कॉम्प्रेसरच्या चकतीवर लिहिलेलंच. पॅग हे आर-१३४ए बरोबर चालणारं कृत्रिम तेल, पण पॅग ४६ आणि पॅग १०० (आकडा दाटपणाचा) एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पॅग तेल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून लहान डबी घ्या आणि उरलेलं पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. जुन्या कॉम्प्रेसरमधलं तेल मापट्यात ओता, किती निघालं ते बघा. नव्यात कंपनीनं किती भरून दिलंय ते विचारा. एकूण तेल जास्त झालं तर थंडावा कमी होतो, कमी झालं तर कॉम्प्रेसर जातो.

व्हॅक्यूम किमान पाऊण तास. पंप बंद करून अर्धा तास काटा हलतो का बघायचं. इथं एक घाटावरची गंमत आहे. पुस्तकात व्हॅक्यूमचा आकडा २९.९ इंच लिहिलेला असतो, तो समुद्रसपाटीचा. पुणे, कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहेत. इथं हवेचाच दाब कमी, काटा २८ च्या आसपासच थांबणार. पंप बिघडला म्हणून मिस्त्रीशी भांडू नका. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात मात्र २८ वर थांबला तर कुठंतरी पाणी मुरतंय.

गॅस वजनकाट्यावर भरायचा. बॉनेटखालच्या स्टिकरवर आकडा असतो, पण कंडेन्सर किंवा पाइप बदलले असतील तर तो फक्त सुरुवातीचा अंदाज. त्याच्या ८० टक्के भरा, मग पन्नास-पन्नास ग्रॅम वाढवत गेज आणि जाळीतला थर्मामीटर बघा. थंडावा वाढायचा थांबला आणि वरचा दाब चढायला लागला की हात आखडा. ड्रायरवरच्या काचेतून बुडबुडे बघून भरायची पद्धत आर-१२ ची होती, आर-१३४ए ला तिच्यावर विसंबू नये.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: इंजिन चालू असताना गॅस फक्त खालच्या दाबाच्या बाजूनं, कॅन उभा धरून. वरच्या बाजूचा कॉक उघडायचा नाही. तिथला अडीचशे पीएसआय कॅनमध्ये उलटा शिरला तर कॅन हातात फुटतो.

बाहेर ३५ अंश असताना, काचा बंद, हवा आतल्या आत फिरती ठेवून, मधल्या जाळीत ८ ते १२ अंश मिळाले तर काम फत्ते. गाडी पळताना गार आणि सिग्नलला कोमट असेल तर गॅस वाढवू नका, कंडेन्सरपुढं विजेचा पंखा लावा, त्याला स्वतःचा रिले आणि फ्यूज द्या.

पावसाळ्यात आणि थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा. तेल फिरलं नाही की शाफ्टचं सील सुकतं, आणि मार्चमध्ये पहिल्या दिवशीच गॅस निघून गेलेला असतो.

माझ्या बॉनेटच्या आत आता एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेला आहे. कॉम्प्रेसरचा नंबर, तेलाची जात, गॅसचे ग्रॅम, कंडेन्सर आणि कॉइलची मापं, पट्ट्याचा नंबर, ड्रायर कोणत्या महिन्यात बदलला ते. त्यावर गाडीचं नाव कुठंच नाही.